वेजिही हुर्कुश: विमान उडालं, पण कागद मिळेना

१९३० साल संपत आलं होतं. इस्तंबूलमध्ये लाकडाच्या वखारीत बांधलेलं एक छोटं विमान पंख काढून, भाग सुटे करून रेल्वेच्या डब्यात चढवलं गेलं आणि प्रागच्या दिशेने रवाना झालं. विमान नादुरुस्त नव्हतं. लोकांसमोर ते उडालं होतं, इस्तंबूलहून अंकारापर्यंत जाऊनही आलं होतं. तरीही ज्या देशात ते बनलं, तिथे त्याला उडण्याचा हक्क नव्हता, कारण हक्काचा कागद नव्हता. कागद द्यायला कोणी नकार दिला असंही नाही. तो देण्याइतकं विमानातलं कळणारा माणूसच सरकारकडे नव्हता. म्हणून विमान बनवणारा माणूस परदेशात कागद शोधायला निघाला.

त्या माणसाचं नाव वेजिही हुर्कुश. तुर्कस्तानात त्याचं नाव ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण, आपल्याकडे मात्र ते फारसं कोणी ऐकलेलं नाही. आज आपल्याही घरांतली मुलं-मुली बारावीनंतर पायलट व्हायचं म्हणतात. अब्बा फीचा हिशोब करतात, अम्मीला काळजी वाटते, आणि मुलाच्या हातात पहिलं जाडजूड पुस्तक येतं ते एअर रेग्युलेशन्सचं. कलम, परिशिष्ट, प्रमाणपत्र, परवाना, मुदत. बहुतेक पोरं ते घोकून पास होतात आणि विसरतात. हुर्कुशचं आयुष्य वाचलं तर यातला एकेक कागद कशासाठी असतो, तो नसला तर काय होतं, हे घोकावं लागत नाही.

वेजिहीचा जन्म ६ जानेवारी १८९६ चा, इस्तंबूलमधला. वडील जकात खात्यात नोकरीला होते. वेजिही अगदी लहान असतानाच त्यांचा इंतकाल झाला आणि आईने मुलांना वाढवलं. हुर्कुश हे आडनाव तेव्हा नव्हतंच. ते १९३४ च्या आडनावाच्या कायद्यानंतर आलं. त्याचा अर्थ मुक्त पक्षी. आयुष्यभर परवानगीसाठी दारोदार फिरलेल्या माणसाने स्वतःसाठी हे नाव निवडावं, यात त्याचा स्वभाव दिसतो.

तरुणपणी तो बाल्कन युद्धात स्वयंसेवक म्हणून गेला. पहिल्या महायुद्धात बगदादच्या आघाडीवर विमान मेकॅनिक होता. तिथे विमान कोसळून तो जखमी झाला. बरा होऊन परत आला तो यशिलकॉय इथल्या विमानशाळेत दाखल झाला आणि पायलट झाला. म्हणजे आधी पान्हा हातात आणि मग दांडी. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे त्याला विमान चालवण्याइतकंच बांधण्याचंही वेड लागलं. १९१७ मध्ये कॉकेशसच्या आघाडीवर त्याने रशियन विमान पाडलं. नंतर त्याचंही विमान पाडलं गेलं. जखमी अवस्थेत, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्याने आपलं विमान पेटवून दिलं आणि कैद झाला. रशियनांनी त्याला कॅस्पियन समुद्रातल्या नारगिन बेटावर ठेवलं. तिथून स्थानिक अझरबैजानी लोकांच्या मदतीने तो निसटला आणि इराणमार्गे मायदेशी पोचला. नंतरच्या तुर्की स्वातंत्र्ययुद्धातही तो लढला आणि लाल फितीचं स्वातंत्र्यपदक त्याला मिळालं. एवढ्यावर एखाद्याचं चरित्र संपलं असतं. त्याची खरी लढाई मात्र युद्ध संपल्यावर सुरू झाली, आणि ती टेबलापलीकडच्या माणसांशी होती.

युद्धानंतर इझमीरला ग्रीक सैन्याने मागे टाकलेलं विमानांचं सामान पडून होतं. वेजिहीने त्यातून इंजिन घेतलं, स्वतः आराखडा काढला आणि लष्करी कार्यशाळेत विमान उभं केलं. त्याला नाव दिलं वेजिही के-सहा. तुर्कस्तानात बनलेलं हे पहिलं विमान मानलं जातं. आता ते उडवायचं, तर प्रमाणपत्र हवं. तपासणीसाठी समिती नेमली गेली. समितीतल्या कोणालाच असं विमान तपासण्याचं ज्ञान नव्हतं. त्यामुळे हो नाही की नाही नाही, नुसता वेळ जात राहिला. २८ जानेवारी १९२५ रोजी वेजिही विमानात बसला, इंजिन सुरू केलं आणि उडाला. साधारण पंधरा मिनिटं हवेत राहिला आणि नीट उतरला.

खाली उतरल्यावर बक्षीस नाही, शिक्षा मिळाली. परवानगी नसताना उड्डाण केल्याचा ठपका आला. त्याने हवाई दल सोडलं. विमान सरकारकडेच राहिलं आणि त्याला ते पुन्हा कधी उडवता आलं नाही.

इथे जरा थांबू या. तुर्की लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा सगळा दोष कारकुनांचा असतो आणि वेजिही हिरो असतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. विमान चांगलं होतं हे उतरल्यावर कळलं. उडण्याआधी ते फक्त त्याला एकट्याला माहीत होतं. बनवणाराच परीक्षक असेल तर ती परीक्षा नसते. याच कारणाने १९१९ च्या पॅरिस करारात आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानासाठी उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आणि चालवणाऱ्यासाठी परवाना, या दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या होत्या. ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात त्याच गोष्टी अधिक पक्क्या झाल्या आणि आज जगभरच्या पायलटांचे नियम त्याच्याच परिशिष्टांवर उभे आहेत. पहिलं परिशिष्ट माणसाच्या परवान्याचं, दुसरं हवेतल्या नियमांचं, आठवं विमानाच्या उड्डाणयोग्यतेचं. माणूस लायक आहे की नाही हा एक प्रश्न, यंत्र लायक आहे की नाही हा वेगळा प्रश्न. वेजिहीच्या लायकीबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण त्याची लायकी म्हणजे विमानाची लायकी नव्हे. शिकाऊ पायलटाने ही एक गोष्ट डोक्यात पक्की केली तर निम्मा पेपर सोपा होतो.

आणि सरकारची चूक? तीही छोटी नव्हती. नियम केला, पण तो लावणारा माणूस तयार केला नाही. कागद मागायचा, आणि कागद द्यायची कुवत नाही, अशी दारं जिथे असतात तिथे प्रामाणिक माणूसच आधी अडकतो.

हवाई दल सोडून वेजिही अंकाराला गेला. तिथे नव्याने निघालेल्या तुर्की विमान संस्थेत काम केलं, विमानांची चाचणी घेतली. पण स्वतःचं विमान काही डोक्यातून जाईना. १९३० मध्ये त्याने इस्तंबूलच्या काडिकॉय भागात लाकडाची वखार भाड्याने घेतली आणि जवळपास तीन महिन्यांत दुसरं विमान उभं केलं, वेजिही चौदा. दोन माणसं बसतील असं, लष्करी नव्हे तर नागरी. सप्टेंबरमध्ये फिकिरतेपेच्या माळावर लोकांची गर्दी आणि पत्रकार जमले आणि त्यांच्यासमोर ते उडालं. मग तो ते घेऊन अंकाराला गेला आणि अर्थ मंत्रालयाकडे रीतसर अर्ज केला. १९२५ मधला धडा तो शिकला होता. या वेळी प्रमाणपत्र हवं, कायद्यानेच हवं.

१४ ऑक्टोबर १९३० रोजी उत्तर आलं. विमानाचे तांत्रिक गुणधर्म ठरवू शकेल असा कोणी सापडला नाही, सबब प्रमाणपत्र देता येत नाही, असा त्याचा मतलब होता. पाच वर्षांनी तीच समिती, तेच उत्तर, फक्त खातं वेगळं.

यावर वेजिहीने जे केलं ते मला त्याच्या सगळ्या उड्डाणांपेक्षा मोठं वाटतं. तो पुन्हा विनापरवाना उडाला नाही. जिथे तपासणारे आहेत तिथे आपण जाऊ, असं त्याने ठरवलं. चेकोस्लोव्हाकियात तेव्हा विमानांचे कारखाने होते आणि तपासणीची व्यवस्थाही होती. विमान सुटं करून रेल्वेने प्रागला गेलं. तिथल्या तज्ज्ञांनी आराखडा पाहिला, भाग तपासले, विमान पुन्हा जोडून हवेत चाचण्या घेतल्या. उड्डाणयोग्यता म्हणजे नुसतं उडतं की नाही एवढंच नसतं. पंखावर किती भार येऊ शकतो, इंजिन कसं बसवलंय, वजन कुठे आहे, नियंत्रणं हाताला कशी लागतात, वेग कमी झाल्यावर विमान काय करतं, हे सगळं त्यात येतं. कित्येक महिने हे चाललं. २३ एप्रिल १९३१ रोजी त्याला प्रमाणपत्र मिळालं. दोन दिवसांनी तो विमानात बसला आणि या वेळी रेल्वेने नाही, तर उडत मायदेशी निघाला. मे महिन्याच्या सुरुवातीला तो तुर्कस्तानात पोचला.

एका देशाचं प्रमाणपत्र दुसऱ्या देशाने मानायचं, ही कल्पना आजच्या विद्यार्थ्याला फार जवळची आहे. कारण आपली बरीच मुलं अमेरिका, दक्षिण आफ्रिका, फिलिपाइन्स अशा ठिकाणी उड्डाण शिकायला जातात. तिथला परवाना हातात आला म्हणजे इथे नोकरी लागली, असं काहींना वाटतं. तसं नसतं. परदेशी परवान्यावरून भारतीय परवाना काढायचा तर डीजीसीएच्या परीक्षा द्याव्याच लागतात आणि त्यात हवाई नियमांचा पेपर चुकत नाही. कारण हवामानाचं शास्त्र सगळीकडे एक असलं, तरी इथल्या आकाशाचे नियम इथलेच. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावं.

परत आल्यावर वेजिहीने देशभर दौरा केला, गावोगावी लोकांना विमान दाखवलं. मग २१ एप्रिल १९३२ रोजी त्याने इस्तंबूलच्या कलामिश भागात विमानशाळा उघडली. तुर्कस्तानातली ही पहिली नागरी विमानशाळा. पहिल्या तुकडीत डझनभर विद्यार्थी होते, त्यांत दोन स्त्रिया. त्यातली बेद्रिये ताहिर कचेरीत नोकरी करून उरलेल्या वेळात शिकायला यायची. पुढे तिने गोकमेन हे आडनाव घेतलं आणि तुर्कस्तानातली पहिली महिला पायलट म्हणून तिचं नाव घेतलं जातं. दुसरी वेजिहीची भाची एरिबे. ती पुढे पॅराशूटच्या उडीत १९३६ मध्ये मरण पावली.

या शाळेची गोष्ट वाचताना मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. मुलं शिकली, उडाली, तयार झाली. पण शाळेने दिलेल्या प्रमाणपत्रांना सरकारी मान्यता मिळाली नाही. पैशांची चणचण होतीच. थोड्याच वर्षांत शाळा बंद पडली. शिकवणारा देशातला उत्तम पायलट, शिकणारे मेहनती, आणि तरीही त्यांच्या हातातला कागद चालेना.

म्हणून आजच्या पालकांनी शाळा बघताना विमानं किती, हॉस्टेल कसं, हे विचारण्याआधी एक गोष्ट विचारावी. संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, आणि ती आजच्या तारखेला चालू आहे का? मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीए स्वतः प्रसिद्ध करतं. कमर्शियल पायलट परवान्यासाठी भारतात किमान वय १८ वर्षं लागतं आणि एकूण २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः पायलट इन कमांड म्हणून. रात्रीचे तास, उपकरणांवरचे तास, लांबच्या पल्ल्याचं उड्डाण, यांचे वेगळे आकडे आहेत. लेखी पेपरांत ७० टक्के लागतात. पण हे तास मान्य संस्थेत, मान्य विमानावर, मान्य प्रशिक्षकासोबत झाले नाहीत, तर लॉगबुकातली पानं म्हणजे नुसती पानं. लॉगबुकात एक तास जरी खोटा चढवला, तर परवाना जाऊ शकतो. २०११ मध्ये आपल्याकडे खोट्या गुणपत्रिकांवर परवाने काढल्याची प्रकरणं उघड झाली तेव्हा पायलटांना अटक झाली होती, हे अनेकांना आठवत असेल. आणि वैद्यकीय तपासणी! आधी दुसऱ्या वर्गाची, मग परवान्यासाठी पहिल्या वर्गाची. जाणकार सांगतात की लाखो रुपये भरण्याआधीच पहिल्या वर्गाची तपासणी करून घ्या. डोळ्यांत किंवा हृदयात काही निघालं तर ते आधी कळलेलं बरं.

१९३५ मध्ये तुर्की विमान संस्थेने तुर्ककुशू ही प्रशिक्षण संस्था काढली आणि वेजिहीला तिथे शिकवायला बोलावलं. दोन वर्षांनी, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्याला विमान अभियांत्रिकी शिकायला जर्मनीत वायमारला पाठवलं. पाठीशी वीस वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे त्याला वरच्या वर्गात घेतलं आणि १९३९ च्या फेब्रुवारीत तो अभियंता होऊन परत आला. आता तरी कागद पुरा पडेल, असं त्याला वाटलं असणार. पण मंत्रालयाने त्याचा अभियंत्याचा परवाना अडवला. कारण काय, तर दोन वर्षांत कोणी इंजिनियर होत नाही. ज्याने त्याआधी स्वतः विमानं बनवून उडवली होती, त्याला हे सांगण्यात आलं! त्याला राज्य परिषदेत, म्हणजे सरकारविरुद्धच्या तक्रारींच्या न्यायालयात जावं लागलं. तिथे त्याने हक्क मिळवला. तोवर संस्थेने त्याची बदली दूर पूर्वेला वान शहरात केली. तिथे विमानाचं काम ते काय असणार? त्याने नोकरी सोडली.

पुढची वर्षं भराभर सांगायला हरकत नाही. त्याने वैमानिकांची संघटना काढली, मासिक काढलं, शेतावर विमानाने औषध फवारण्याची कंपनी काढली. यातलं काहीच फार काळ टिकलं नाही.

२९ नोव्हेंबर १९५४ ला मात्र त्याने शेवटचा मोठा डाव टाकला. हुर्कुश हवाई कंपनी. तुर्कस्तानातली ही पहिली खासगी विमान कंपनी. सरकारी कंपनीने बाजूला काढलेली आठ जुनी विमानं त्याने कर्ज काढून घेतली. जिथे सरकारी विमान जात नव्हतं तिथे जायचं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे पोचवायचे, असा बेत होता. कल्पना काळाच्या पुढची होती. पण विमानं जुनी होती. अपघात झाले, विमानं निकामी होत गेली आणि शेवटी सुरक्षिततेच्या कारणावरून उड्डाणं थांबवण्यात आली. त्याच्या चाहत्यांच्या मते त्याला मुद्दाम बुडवलं गेलं. असेलही. पण पैसे घेऊन माणसं आणि माल नेणं हा उड्डाणाचा अगदी निराळा दर्जा आहे, हेही तितकंच खरं. कमर्शियल परवाना हातात असला तरी पायलटाला कोणाच्याही विमानातून भाड्याने माणसं नेता येत नाहीत. कंपनीकडे स्वतःचं परिचालन प्रमाणपत्र लागतं. देखभाल कोण करतं, पायलटांची फेरतपासणी कधी होते, वैमानिक किती तास सलग उडतात, याची व्यवस्था दाखवावी लागते. खासगी परवान्यावर तर मोबदला घेऊन उडणंच बेकायदा आहे. ओळखीच्याला पेट्रोलचे पैसे घेऊन फिरवून आणण्याचा मोह नव्या पायलटांना होतो, म्हणून हे लिहिलं.

एक विद्यार्थी उड्डाणाआधी विमानात चढतो तेव्हा त्याच्या आसपास किती कागद असतात, पाहा. विमानाचं नोंदणीपत्र, भारतात असेल तर शेपटीजवळ व्हीटीने सुरू होणारी खूण. उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र. रेडिओचा परवाना. प्रवासाची नोंदवही. स्वतःचा परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, दोन्हीची मुदत न संपलेली. आपल्याकडे हे आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ या कायद्याखाली येतं. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला आणि १९३४ चा जुना कायदा गेला. यातला एक कागद जरी कमी असला तरी ते विमान जमिनीवरच राहायला हवं, आकाश कितीही निरभ्र असो. वेजिहीच्या काळी यातला प्रत्येक कागद त्याला वेगळ्या खिडकीवर, वेगळ्या वर्षी, कधी वेगळ्या देशात मागावा लागला. माणसाचा मिळाला तेव्हा यंत्राचा नव्हता, यंत्राचा मिळाला तेव्हा शाळेचा नव्हता, शाळा गेल्यावर इंजिनियरचा अडला, आणि शेवटी कंपनीच बसली.

विमान कंपनीचं कर्ज त्याच्या मानेवरून उतरलं नाही. स्वातंत्र्ययुद्धातल्या सेवेबद्दल देशाने दिलेल्या मानधनावरही सावकारांची जप्ती आली. उतारवयातही तो खनिजशोधाच्या कामासाठी विमान घेऊन उडत राहिला. पन्नासहून अधिक वर्षांत त्याने १०२ प्रकारची विमानं चालवली आणि ३० हजार तास उड्डाण केलं, असं तुर्कस्तानात सांगितलं जातं. १६ जुलै १९६९ रोजी अंकाराच्या लष्करी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच दिवशी अमेरिकेतून अपोलो ११ चंद्राकडे निघालं होतं. त्याची कबर अंकाराच्या जेबेजी कब्रस्तानात आहे.

तुर्कस्तानने स्वतः बनवलेलं नवं प्रशिक्षण विमान २९ ऑगस्ट २०१३ रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचं नाव हुर्कुश ठेवलं आहे. पहिल्या उड्डाणानंतर जवळपास तीन वर्षं त्याच्या चाचण्या चालल्या, आणि २०१६ मध्ये तुर्कस्तानच्या नागरी उड्डाण खात्याने आणि युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने त्याला प्रमाणपत्र दिलं.